अभ्यासपाठ : शंभरावे मेंढरू आणि आपली नोंदवही



या वेळचा अभ्यासपाठ एका दुरुस्तीने सुरू करावा लागत आहे. मागच्या नाताळ अंकात आपल्या पोषण कार्याविषयी एक आनंदाची ओळ छापली होती. दिवाळीआधी आपल्या गावांत जितकी तीव्र कुपोषित मुले होती, ती डिसेंबरपर्यंत जवळजवळ निम्म्यावर आली, असे तिच्यात म्हटले होते. ती ओळ मीच लिहिली होती. बऱ्याच मंडळ्यांनी ती उपासनेत वाचून दाखवली, उपकारस्तुती केली आणि काहींनी विशेष दानही पाठवले. आकडे नोंदवहीतले होते, बेरीज बरोबर होती, आणि तरीही ती ओळ खरी नव्हती.

हे कळले कसे, ते आधी सांगते. जानेवारीतल्या एका शनिवारी लोणखेड्याच्या आमच्या केंद्रात सगळे कार्यकर्ते बसले होते. मी अंक दाखवून सर्वांचे अभिनंदन केले. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत काम करणाऱ्या आमच्या एक पावरा ताई जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोरं बरी कुठं झाली? ती तर गेली उसाला."

खोलीत थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग एकेक जण बोलू लागला. अमक्या पाड्यावर आठ घरांना कुलूप आहे, तमक्या पाड्यावर फक्त म्हातारी माणसे आहेत. दिवाळी आटोपली की मुकादम येतो, उचल आधीच दिलेली असते, आणि नवरा-बायको कोयता घेऊन, लहान लेकरांना बरोबर घेऊन गुजरातच्या किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यात निघून जातात. होळीला बरेच जण परततात. हे नंदुरबार जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? मलाही माहीत होते. पण माहीत असणे एका कप्प्यात होते आणि तक्ता दुसऱ्या कप्प्यात. डिसेंबरात वजन झाले ते जी मुले गावात उरली होती त्यांचे. जी गेली, त्यांचा रकाना रिकामा राहिला, आणि बेरजेत रिकाम्या रकान्याला आम्ही "बरा झाला" असे मानून बसलो.

कुणी खोटे लिहिले नव्हते. म्हणूनच हा पाठ लिहावासा वाटला. आज सगळ्या संस्थांत "डेटा" हा शब्द फिरतो. दानदाते डेटा मागतात, शासनाचे अॅप डेटा मागते, आमच्यासारखे लोक तो भरून पाठवतात. पण भरणे आणि वाचणे या दोन गोष्टी आहेत. अक्षर काढता आले की माणूस साक्षर होतो असे आपण म्हणत नाही, लिहिलेले समजलेही पाहिजे. आकड्यांचेही तसेच आहे.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, पाचवीच्या पुढचे नाही. खालचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही गावाचे नाहीत.

समजा, दिवाळीआधी १२० मुलांचे वजन झाले आणि त्यांत १८ तीव्र कुपोषित निघाली. डिसेंबरात ६० मुलांचे वजन झाले आणि ८ निघाली. अहवालात आपण लिहितो : "१८ वरून ८." वाचणारा म्हणतो, देवाची स्तुती असो. पण १२० पैकी १८ म्हणजे शंभरात १५, आणि ६० पैकी ८ म्हणजे शंभरात साधारण १३. एवढ्यातच आनंद बराच ओसरतो. वरचा आकडा आपण सांगितला आणि खालचा गिळला. कुणी नुसता वरचा आकडा सांगितला, तर लगेच विचारावे : कितींपैकी?

पण टक्केवारी काढली म्हणजे काम संपले असेही नाही. कोण गेले आणि कोण राहिले? ज्यांच्याकडे थोडी ओलिताची जमीन आहे, घरात एखादा पगारदार आहे, ते राहिले. ज्यांच्या घरात पावसाळ्यानंतर दाणा उरला नव्हता, ते गेले. म्हणजे मागे राहिलेली साठ मुले मुळातच जरा बऱ्या घरची. त्यांची टक्केवारी आधीच्या १२० शी लावणे म्हणजे दोन वेगळ्या वर्गांची परीक्षा एकाच पेपरवर तपासणे झाले.

मग खरे काय ते कसे कळणार? एकच वाट आहे आणि ती कष्टाची आहे : तीच मुले, नावानिशी. १८ जणांची यादी घ्यायची आणि एकेका नावापुढे विचारायचे. समजा, १८ पैकी ७ जण डिसेंबरात भेटले. त्यातले २ सुधारले, ५ तसेच आहेत. ११ भेटलेच नाहीत. आणि ३ मुले नव्याने त्या यादीत आली. ५ आणि ३ मिळून ८. पाहा, तोच आठचा आकडा, पण आता त्याच्या पोटात काय आहे ते दिसते. खऱ्या अर्थाने सुधारलेली मुले दोन. आणि ज्यांच्यासाठी रात्री झोप येऊ नये, ती अकरा मुले "१८ वरून ८" या ओळीत कुठेच नव्हती.

इथे कुणालाही लूक १५ मधला मेंढपाळ आठवेल. मी त्या दाखल्यावर किती वेळा बोलले आहे, पण एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. एक मेंढरू हरवले हे त्याला कळले, कारण तो संध्याकाळी मोजत होता आणि त्याला शंभर हा खालचा आकडा पाठ होता. आमच्यासारखा अहवाल लिहिणारा मेंढपाळ असता, तर त्याने लिहिले असते : "आज वाड्यात असलेली नव्याण्णवच्या नव्याण्णव मेंढरे सुखरूप."

गणनेविषयी पवित्र शास्त्रात दोन्ही बाजू आहेत, आणि त्या एकत्र वाचाव्यात. गणना या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव मोशेला लोकांची मोजदाद करायला सांगतो, तीही कुळांप्रमाणे आणि नावांनिशी. उलट २ शमुवेल २४ मध्ये दावीद राजा मोजदाद करवतो, यवाब त्याला अडवू पाहतो, नऊ महिने वीस दिवस माणसे देशभर फिरतात, आणि शेवटी हाती येतो तो तलवार चालवणाऱ्यांचा आकडा. दाविदाचे मन नंतर त्यालाच टोचू लागते. मोजणे तेच, मग एक आज्ञेने आणि दुसरे पाप कसे? पंडितांनी यावर बरेच लिहिले आहे. मला समजते ते इतकेच की दाविदाला आपल्या बळाचा अंदाज हवा होता. नाताळ अंकासाठी आकडा शोधत होते तेव्हा मलाही तोच हवा होता, हे कबूल करायला हवे. मी मुलांकडे पाहत नव्हते, अंकाच्या पहिल्या पानाकडे पाहत होते.

आपल्या तालुक्यातलेच एक उदाहरण घ्या. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. आज देशभर जो बारा आकडी क्रमांक चालतो, त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या गावात झाली. आम्ही त्या भागात जातो तेव्हा लोकांच्या पेटीत कार्डे नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली असतात. क्रमांक असल्याने रेशन, बँक, शाळा यांची कामे होतात, ते चांगलेच आहे. पण एखाद्याचा क्रमांक आपल्याकडे असणे आणि तो माणूस आज कुठे आहे हे ठाऊक असणे, यात अंतर आहे. उसाला गेलेल्या अकरा मुलांपैकी बहुतेकांचे आधार क्रमांक आमच्या वहीत असतील. मुले मात्र नव्हती.

आकड्यांनी माणसे वाचवता येतात हे आपल्याच महाराष्ट्रात कोणी दाखवले, तर गडचिरोलीने. तिथली गोष्ट आमच्या शनिवारच्या बैठकीत मी तीन आठवडे पुरवून सांगितली, कारण ती आमच्यासारख्यांची आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुले न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखण्याची खूण म्हणजे श्वास जलद चालणे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठपर्यंत गेले की धोका, त्यापुढच्या मुलांत ही मर्यादा खालची असते. पण गावात जी दाई बाळाजवळ असते, तिला फार पुढपर्यंत मोजता येत नाही आणि तिच्याकडे घड्याळ नाही. अशा वेळी बहुतेक संस्था म्हणतात, "आमचे लोक शिकलेले नाहीत, काय करणार?" इथे त्यांनी मोजण्याचे साधनच बदलले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ तान्ह्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे. दाईला दहापर्यंतच मोजायचे होते.

आमच्या ऑफिसात हे सांगितले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पोळ्या मोजतो तसंच की." अगदी तसेच. त्या मावशींकडे मी परत येते.

त्यानंतरचा प्रश्न जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतल्या बाळांचा होता. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केले गेले. त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायच्या, बाळाचे वजन करायच्या, ताप बघायच्या, श्वास मोजायच्या, बाळ दूध ओढते का ते पाहायच्या, आणि सारे लिहून ठेवायच्या. हे काम ३९ गावांत झाले. दुसरी ४७ गावे तुलनेसाठी होती, तिथे फक्त जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. आणि नोंद एकाच माणसाच्या भरवशावर ठेवली नाही. गावातला माणूस नोंदवायचा, आणि शिवाय ठरावीक काळाने घरोघर फिरून ती पुन्हा तपासली जायची. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास छापून आला. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशाताईंच्या घरभेटींचा जो कार्यक्रम सुरू केला, दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी आणि घरी जन्मलेल्यासाठी सात, तो याच पद्धतीवर उभा आहे. आपल्या पाड्यांवर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दार वाजवते, त्यामागे ही गोष्ट आहे.

तुलनेची गावे कशाला, असे आमच्या वाहनचालक भाऊंनी विचारले. प्रश्न फार चांगला होता. समजा, आपण ज्या गावात काम केले तिथे मृत्यू कमी झाले. पण त्याच वर्षी पाऊस चांगला झाला असेल, रस्ता झाला असेल, दवाखान्यात डॉक्टर आला असेल. मग श्रेय कोणाचे? जिथे आपण काम केले नाही, तिथेही तितकेच कमी झाले असतील, तर आपण फुकट पाठ थोपटून घेतली. आमच्या पंधरा वर्षांच्या अहवालांत मी शोधले, "आपण जिथे नाही तिथे काय झाले" हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही.

'सर्च'ने आणि इतर संस्थांनी मिळून २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडणारे बालमृत्यू सरकारी कागदावरच्या मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे त्यांनी गावागावांत स्वतः मोजून दाखवले आणि विधिमंडळापर्यंत चर्चा पोहोचली. मृत्यू लपत कसे होते? कोणी मोठे कारस्थान केले असेल असे मला वाटत नाही. खालच्या कर्मचाऱ्याने मृत्यू लिहिला की वरून विचारणा होते, नोटीस येते, बैठकीत उभे करतात. नाही लिहिला तर काहीच होत नाही. मग माणूस काय करेल? "मृत जन्मले" असे लिहील, किंवा "माहेरी गेली होती" असे लिहील.

हे ऐकताना आमचे कार्यकर्ते माझ्याकडे पाहत होते. कारण मीही बैठकीत असेच करत आले होते. ज्या गावाचे आकडे वाईट, त्या ताईला सर्वांसमोर प्रश्न. ज्या गावाचे चांगले, तिला टाळ्या. आता आम्ही ठरवले आहे की वाईट आकडा घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न "का झाले?" असा विचारायचा नाही. "काय मदत लागेल?" हा विचारायचा. जमते असे नाही, जीभ जुन्या वळणाने जाते. मागच्या महिन्यात मी दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा पावरा ताईंनी नुसते माझ्याकडे पाहिले.

आता आमच्या घरचे काही. या चार महिन्यांत आम्ही दर शनिवारी एक तास नोंदवह्या उघडून बसतो. सगळे बसतात : क्षेत्र कार्यकर्ते, वसतिगृहाचे अधीक्षक, हिशेबनीस, वाहनचालक भाऊ, स्वयंपाकघरातल्या मावशी. आधी हिशेबनीस म्हणाले की याचा माझ्याशी काय संबंध. पहिल्याच महिन्यात संबंध निघाला. वसतिगृहाच्या हजेरीत मुले पूर्ण दिसत होती आणि किराण्याच्या बिलात तांदूळ कमी लागलेला दिसत होता. मावशींना विचारले तर त्या म्हणाल्या, "सोमवारी मी कमीच टाकते. पोरं शनिवारी घरी जातात ती मंगळवारी उगवतात." हजेरी सकाळी अंदाजाने भरली जात होती. मावशींचे पातेले मात्र रोज अचूक हजेरी घेत होते. तिने एक मूठ जास्त टाकली तर अन्न वाया जाते, कमी टाकली तर पोर उपाशी राहते, म्हणून तिचा आकडा बरोबर असतो. आमच्या हजेरीच्या आकड्याने कोणाचेच काही अडत नव्हते, म्हणून तो कसाही चालत होता. आता सोमवारची ताटे मोजून फळ्यावर लिहिली जातात, आणि सोमवारी मुले का येत नाहीत याचे उत्तरही सापडले : त्या दिवशी एका बाजूच्या पाड्यांवरून सकाळची गाडी नसते.

वजनाच्या वहीत वेगळाच प्रकार दिसला. वजनांचा शेवटचा आकडा पाहिला तर जिकडे तिकडे शून्य आणि पाच. आठ किलो, साडेआठ किलो, नऊ किलो. मधली वजने जवळजवळ नाहीतच. देव मुलांना अर्ध्या-अर्ध्या किलोच्या मापाने घडवत नाही. मूल रडते, हलते, झोका हलतो, काटा थरथरतो, आणि ताई जवळचा गोल आकडा लिहून मोकळ्या होतात. एरवी चालून जाईल, पण महिन्याला पाव किलो वाढ झाली की नाही हे पाहायचे असेल, तर अर्ध्या किलोचा गोलपणा सगळे पुसून टाकतो. तक्ता तयार झाला म्हणून त्यावर विश्वास ठेवण्याआधी शेवटचे आकडे वाचत जा, ही मी सर्व संस्थांना विनंती करीन.

वयाचे तर काय सांगावे! आपल्याकडे निम्म्या लोकांचा जन्म १ जूनला झालेला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती कायमची. मुलांच्याही वह्यांत जून भरपूर आहे. पण वयानुसार वजन पाहायचे तर वय खरे हवे, आणि दोन वर्षांखालच्या मुलात चार महिन्यांची चूक म्हणजे "बरा" आणि "गंभीर" यांतला फरक. आता ताई आईला तारीख विचारत नाहीत. पोळ्याच्या आधी झाला की नंतर, भोंगऱ्या बाजाराच्या वेळी रांगत होता का, असे विचारतात. त्यातून महिना बऱ्यापैकी कळतो. शिवाय दंडाचा घेर मोजण्याची पट्टी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. या मापाला अचूक तारीख लागत नाही, झोका लागत नाही, वीजही लागत नाही. पट्टी खिशात मावते.

सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत मोठा बदल रकान्यात झाला. पूर्वी मूल भेटले नाही तर जागा रिकामी राहायची. आता रिकामी जागा ठेवायचीच नाही असा नियम आहे. "शून्य" म्हणजे पाहिले आणि काही नव्हते. "भेट नाही" म्हणजे गेलो, पण मूल नव्हते, आणि पुढे कारण : ऊस, मामाकडे, दवाखाना, माहीत नाही. "गेलो नाही" म्हणजे आम्हीच गेलो नाही. हा तिसरा शब्द लिहायला सुरुवातीला कोणाचा हात धजेना. पहिला मी लिहिला, माझ्या स्वतःच्या दोन चुकलेल्या भेटींपुढे.

आणि काही रकाने काढूनही टाकले. अर्जात चौतीस गोष्टी विचारल्या जात होत्या, त्यातल्या निम्म्या कोणी कधी वाचल्याच नव्हत्या. एका आईला उन्हात उभे करून जे विचारतो, त्याचा तिला काय उपयोग, हे सांगता आले नाही तर तो रकाना जातो. धर्माचा रकाना आमच्या मदतीच्या वहीत नाही आणि नसावा, यावर मी ठाम आहे. भुकेल्या मुलाच्या वजनाला त्याची गरज नसते. अंकात मुलांची नावे आणि ओळखू येतील असे फोटो छापायचेही आम्ही थांबवले आहे. काही समर्थकांनी विचारले, "फोटो का नाहीत?" बंधुभगिनींनो, तुमच्या मुलाचे वजन कमी आहे म्हणून त्याचा चेहरा दुसऱ्या गावात वाटला गेला, तर तुम्हाला कसे वाटेल?

मंडळीच्या नोंदवह्यांनी एकदा जगाला मोठा धडा दिला आहे, हेही जाता जाता सांगते. लंडन शहरात प्लेगच्या काळात प्रत्येक परगण्याच्या चर्चचे कारकून आठवड्याच्या आठवड्याला दफने आणि बाप्तिस्मे लिहून पाठवत. मरणाचे कारण सांगत त्या बहुतेक गरीब म्हाताऱ्या बायका, ज्या घरी जाऊन प्रेत पाहत. वर्षानुवर्षे या याद्या छापल्या जात आणि लोक फक्त प्लेग आला का ते बघून फेकून देत. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका दुकानदाराने त्या जुन्या याद्या गोळा केल्या, एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि १६६२ मध्ये पुस्तक काढले. कोणत्या वयात किती मरतात, कोणता रोग दर वर्षी येतो आणि कोणता अचानक, मुलगे जास्त जन्मतात की मुली, हे पहिल्यांदा नीट मांडले गेले. लोकसंख्येचा अभ्यास तिथून सुरू झाला असे मानतात. आपल्या पाळकसाहेबांच्या कपाटातल्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्या तशाच पडून आहेत. नंदुरबार जिल्ह्यात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत आणि त्यानंतरची २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, तिथे अशा वह्यांचे मोल मोठे आहे. आम्ही अजूनही गावाची लोकसंख्या २०११ चीच धरतो. तेव्हाची बाळे आता मोठी झाली आहेत.

होळीनंतर कुटुंबे परत येऊ लागली तेव्हा आम्ही ती यादी घेऊन पाड्यापाड्यावर गेलो. बहुतेक मुले भेटली. काही खरेच सुधारली होती. एकाच्या आईने सांगितले की कारखान्याजवळच्या अंगणवाडीत त्याला आहार मिळत होता, म्हणजे ते यश आमचे नव्हते. काही गेली त्याहून वाईट होऊन आली, त्यांना पोषण पुनर्वसन केंद्रात नेले. दोन बहिणींचा मात्र पत्ता लागलेला नाही. त्यांचे घर बंद आहे. शेजारी म्हणतात की कुटुंब उसाहून परस्पर दुसऱ्या कामावर गेले. मुकादमाचा फोन लागत नाही. त्यांच्या नावापुढे "भेट नाही, माहीत नाही" असे लिहिले आहे आणि दर शनिवारी ती ओळ मोठ्याने वाचली जाते. प्रार्थनेत त्या दोघींची आठवण ठेवावी.

समर्थकांना एक मागणे आहे. तुम्ही अहवाल मागता तो तुमचा हक्क आहे, दानाचा हिशेब द्यायलाच हवा. पण फक्त यश मागितले, तर आम्ही यशच शोधून पाठवू, आणि ते सापडेलही. लूक १४ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तो हिशेब बुरूज अर्धा राहण्याची शक्यता धरूनच केलेला असतो. तुमच्या पत्रांत "या तिमाहीत काय जमले नाही?" असाही प्रश्न येऊ द्या.

पुढच्या अंकापासून पोषणाचा तक्ता असा असेल : यादीतली मुले किती, त्यातली भेटली किती, भेटलेल्यांत सुधारलेली, तशीच राहिलेली आणि बिघडलेली किती, नव्याने आलेली किती, आणि न भेटलेली किती व का. पहिले पान कदाचित पूर्वीसारखे आनंदी दिसणार नाही.

गट अभ्यासासाठी : गणना १, २ शमुवेल २४ आणि लूक १५ चा पहिला भाग एकत्र वाचावा. मग आपल्या मंडळीची किंवा महिला मंडळाची हजेरीची वही मध्ये ठेवावी. मागच्या ईस्टरला आलेल्यांची नावे एका कागदावर उतरवावीत आणि गेल्या चार रविवारी त्यातले कोण दिसले ते खुणेने दाखवावे. ज्यांच्यापुढे खूण नाही, त्यांच्या नावापुढे कारण लिहावे. जिथे कारण लिहिता येणार नाही, तिथे "गेलो नाही" असे लिहावे, आणि त्या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाणार त्याचे नाव शेजारी घालावे.